चार वाजून वीस मिनिटं

लेकीने दुसरं लग्न केलं ते वर्ष. पहिला नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, पस्तिशी उलटली होती, आणि एके दिवशी ती घरी येऊन चपला न काढताच म्हणाली, "बाबा, पुढच्या शुक्रवारी मी लग्न करतेय. नोंदणी कचेरीत. साक्षीदार म्हणून तुमची सही लागेल, आणि शर्ट मात्र नवा घालून या." शर्ट शिवून आला. काजं अर्थातच बायकोने केली. चाळीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या शर्टांना हाताने काजं केली होती. माझ्या शर्टाचं काज मशीनने होऊ देणं म्हणजे तिच्या दृष्टीने मी बाहेर जेवून येण्यासारखं होतं. शुक्रवारी सकाळी अंघोळ करून मी शर्ट अंगात घातला, बटण लावायला उजवा हात उचलला आणि बोटांना बटण सापडेना. आरशात पाहिलं. डाव्या पट्टीला सात काजं होती. उजव्या पट्टीलाही सात. दोन्हीकडची काजं एकमेकांकडे तोंड करून उभी होती, बारीक, एकसारखी, टाक्याला टाका लागलेली. इतकी सुबक काजं तिने कित्येक वर्षांत केली नव्हती. मला हसू आलं. "अगं, बटणं कुठे लावायची? पाठीला?" ती हातात कंगवा घेऊन आली. शर्टाकडे पाहत राहिली. एवढा वेळ ती कधीच काही पाहत नसे. मग म्हणाली, "मुद्दाम ठेवलीत. हवा खेळती राहते." मी आणखी हसलो. तीही हसली, पण माझ्याकडे बघून हसली. मी थांबतो केव्हा, हे बघत हसली. मी चार सेफ्टी पिना लावल्या, वरून स्वेटर चढवला आणि भर उन्हाळ्यात स्वेटर घालून लेकीच्या लग्नाला गेलो. सही करायला वाकलो तेव्हा एक पीन उघडली आणि छातीत टोचली. सही जरा हलली आहे. त्या नोंदवहीत ती अजून तशीच असेल.

सही येणं ही माझ्यासाठी साधी गोष्ट नाही. मी लिफ्टवर होतो. सोळा मजल्यांची कचेऱ्यांची इमारत, पितळी दांडा, एक तीन पायांचं स्टूल आणि मी. आकडे मला येत, कारण आकड्यांवर माझं पोट होतं, पण अक्षरं येत नसत. तळमजल्यावर भल्यामोठ्या पाटीवर सगळ्या कचेऱ्यांची नावं होती. लोक मला विचारत, "अमुक कचेरी कितव्या मजल्यावर?" आणि मी पाटीकडे न बघता सांगत असे. मला सगळं तोंडपाठ आहे म्हणून लोक कौतुक करत. पाठ करण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं, हे त्यांना कुठून कळणार? माझ्या साठाव्या वर्षी लिफ्टला बटणं आली आणि मला निरोप मिळाला. सार्वजनिक वाचनालयात मोठ्या माणसांचा संध्याकाळचा वर्ग भरत असे, तिथे मी जाऊन बसलो. बायकोला म्हटलं, तूही चल. ती म्हणाली, "दोघांनी शिकून घरात वाचायचं काय? एकमेकांना?" ती सुईत दोरा ओवत होती, चष्म्याशिवाय, एका फटक्यात. मी शिकलो. मग मला लिहिण्याचं वेडच लागलं. वाण्याची यादी लिही, गॅस कधी आणला ते लिही, कोण आलं, कोण गेलं लिही. खिशात टपालाची जुनी पाकिटं ठेवायचो आणि त्यांच्या पाठीवर लिहायचो. ती म्हणायची, "आता शिंकलात तेही लिहा." मी घरी आलो की दार उघडण्याआधी आतून विचारायची, "कितवा मजला?" मी म्हणायचो, "तळमजला." मग कडी निघायची. नोकरी लागली तेव्हाचा हा विनोद होता. नोकरी सुटली तरी तो राहिला. दिवसातून दोन-तीनदा, असा पस्तीसेक वर्षं तो झाला असेल. माणूस अशा गोष्टी मोजत नाही. संपल्यावर मोजायला बसतो.

त्या शर्टानंतर एकदा मी दार वाजवलं आणि आतून काही आलं नाही. कडी निघाली. ती बाजूला झाली, पदर नीट केला आणि परक्या माणसाला घरात घेतात तशी "या" म्हणाली. लगेच "आलात होय" म्हणून आत वळली. मी चपला काढत तिथेच उभा राहिलो. त्या दिवशी पाकिटावर मी काही लिहिलं नाही.

लेकीने हट्ट धरला आणि आम्ही मोठ्या इस्पितळात विसरभोळेपणाच्या विभागात गेलो. डॉक्टर तरुण होता, सभ्य होता, आणि त्याची भाषा आमची नव्हती. म्हणून लेक मध्ये बसली. तो बोले, लेक आईला सांगे, आई लेकीला सांगे, लेक त्याला. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून, सवयीने, पाकिटाच्या पाठीवर सगळं टिपून घेतलं. पाच शब्द लक्षात ठेवायचे : दिवा, पूल, लिंबू, घोडा, खुर्ची. शंभरातून सात वजा करत जायचं. एक घनाकृती ठोकळा बघून तसाच काढायचा. घड्याळ काढायचं आणि त्यात चार वाजून वीस मिनिटं दाखवायची. डॉक्टरने तिच्या हातात पेन्सिल दिली. तिने ती सुईसारखी धरली, दोन बोटांच्या टोकांत, आणि कागदाच्या कडेला शिवण शोधायला लागली. लेकीने मान खाली घातली. "आई, गोल काढ." "कशावर बेतून काढू?" तिने विचारलं, आणि प्रश्न अगदी रास्त होता. बेतायला काही दिल्याशिवाय तिने आयुष्यात काही केलं नव्हतं. शंभरातून सात वजा, म्हणजे काय ते तिला कळलंच नाही. मला आतून ओरडावंसं वाटत होतं की बाबा रे, तिला विचार, शंभर बटणं आहेत, एका शर्टाला सात लागतात, एक शर्ट झाला, किती उरली? हे गणित ती झोपेत करत आली आहे. पण खुर्ची कोपऱ्यात होती, आणि माझी भाषाही. शेवटी डॉक्टरने कागद बाजूला ठेवला आणि लेकीला बराच वेळ काही समजावलं. लिफ्टमध्ये, म्हणजे बटणांच्या लिफ्टमध्ये, लेक मला म्हणाली, "तो म्हणतो, आईची तपासणी यात धरता येणार नाही. ही तपासणी शाळेत गेलेल्या माणसांसाठी आहे. आजार असेलही, नसेलही. सहा महिन्यांनी परत आणा." "म्हणजे नापास की काय?" मी विचारलं. "नापाससुद्धा नाही हो बाबा," लेक म्हणाली. "तिला परीक्षेला बसूच दिलं नाही असं समजा." बायको आरशात बघत होती. म्हणाली, "माणूस चांगला होता. पण त्याच्या बाहीचं बटण लोंबत होतं. सांगायला हवं होतं."

माझ्या डोक्यात ते वाक्य घुमत राहिलं. नापाससुद्धा नाही. साठ वर्षांचा होईपर्यंत मी स्वतः तसाच होतो, कुठल्याच यादीत नसलेला. ज्याला वाचता येतं त्याला ही जळजळ सांगून कळत नाही. पुढल्या सोमवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी पाट मांडला, वर्तमानपत्राचा कोरा भाग पसरला आणि तिला म्हटलं, "बस. तुला घड्याळ शिकवतो." "आता या वयात?" "साठाव्या वर्षी मी नाही शिकलो?" "तुमचं निराळं. तुम्हाला रिकामं बसवत नव्हतं." पण ती बसली. मी तिच्यामागे बसलो आणि तिच्या मुठीवर माझी मूठ ठेवली. हात कसा होता सांगू? तर्जनीच्या टोकाला सुईने वर्षानुवर्षं टोचून टोचून चामडीची एक टिकली झालेली होती, खडबडीत, निर्जीव. ती टिकली माझ्या तळव्याला लागत होती. आमच्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती. इतका वेळ तो हात माझ्या हातात कधी राहिला होता? मी सकाळी सातला निघायचो, ती आठला. संध्याकाळी घरी येऊन मी पाठ टेकायचो, ती चुलीशी. हात लागत, पण ते भांडं देताना, कपडे पिळताना, पोरीला एकमेकांकडून घेताना. आता गोल काढायचा होता, हळूहळू काढायचा होता, आणि घाई कशाचीच नव्हती. गोल वाकडा आला. ती म्हणाली, "हे घड्याळ पडलेलं दिसतंय." आम्ही दोघं हसलो. दुसरा गोल काढला. तिचे केस माझ्या हनुवटीला लागत होते. त्यांना खोबरेल तेलाचा आणि सुती कापडाच्या खळीचा वास येत होता. काम सोडून अकरा वर्षं झाली तरी तो खळीचा वास तिच्यातून गेला नव्हता.

रोज दुपारी शाळा भरू लागली. ती मला मास्तर म्हणायला लागली. "मास्तर, आज उशीर केलात." "मास्तर, पाणी पिऊन येऊ का?" आधी थट्टेने, मग सवयीने. शंभर बटणं मी खरोखरच ताटलीत मोजून ठेवली, सात-सात बाजूला काढायला लावली, आणि ओळ पाठ करून घेतली : त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट. ती तालावर म्हणायची, मान हलवत. पाच शब्दांसाठी मी एक गोष्ट रचली : दिवा घेऊन एक जण पुलावरून चालला, वाटेत त्याला लिंबू सापडलं, ते त्याने घोड्याला दिलं, घोडा आंबट तोंड करून खुर्चीवर बसला. घोडा खुर्चीवर बसला की ती रोज हसायची. रोज. पहिल्यांदा ऐकल्यासारखी. हे माझ्या लक्षात आलं. लक्षात आलं नाही असं मी पुढे बरेच दिवस दाखवत राहिलो, ते खोटं होतं. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी पाट मांडला तेव्हा तिने विचारलं, "हे काय? आज काय शिवायचंय?" मी म्हटलं, "घड्याळ. रोज काढतो ना आपण?" "मी?" ती म्हणाली, "मी कधी घड्याळ काढलं?" आणि मूठ धरताच हाताने गोल बिनचूक काढला, बारा वर, सहा खाली, तीन, नऊ, मग मधले आकडे, छोटा काटा चारच्या जरा पुढे, मोठा काटा चारवर. हाताला सगळं येत होतं. तिला मात्र आपल्याला ते येतं, हेच ठाऊक नव्हतं. त्या क्षणी मी उठून लेकीला बोलवायला हवं होतं. पेन्सिल खाली ठेवायला हवी होती. मी म्हटलं, "शाबास." मला वाटलं, पाठ तर झालंय, पाठ असलं की पुरतं, माझं सगळं आयुष्य पाठ असण्यावरच निभावलं. आणि त्याखाली आणखी एक गोष्ट होती, ती मी तेव्हा स्वतःशीही बोललो नाही. मला ती दुपार हवी होती. उद्याचीही हवी होती. वर्तमानपत्राच्या कडेला उन्हाची पट्टी येई, ती सरकत पाटापर्यंत पोचली की आमची शाळा सुटे. ती पट्टी मला आजही खोलीत सरकताना दिसते, आणि माझी मूठ आपोआप वळते.

सहा महिन्यांनी परत गेलो. लेक मध्ये, मी कोपऱ्यात. तोच कागद, तेच पाच शब्द, तोच ठोकळा. बायको ताठ बसली होती, शाळेतल्या मुलीसारखी. डॉक्टरने पेन्सिल दिली आणि तिने ती बरोब्बर धरली. गोल काढला. आकडे भरले. चार वाजून वीस मिनिटं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. शब्द विचारले तेव्हा ती जरा थांबली, मला वाटलं, गेलं, आणि मग ती खुदकन हसली. घोडा खुर्चीवर बसला असणार. पाचही शब्द आले. डॉक्टर खूश झाला. खरोखर खूश झाला, बिचारा. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. लेक म्हणाली, "बाबा, तो म्हणतो, सुधारणा आहे! आजार दिसत नाही. थकवा असेल, नैराश्य असेल, गेलं. आता यायचं कारण नाही." डॉक्टरने कागदावर शिक्का मारला. मी खाली येईपर्यंत हवेत होतो. वाटलं, बघा, नापाससुद्धा नाही म्हणत होते ना? बसस्टॉपवर बायकोने मला विचारलं, "आपण कुणाला भेटायला आलो होतो?"

पुढचे आठ महिने मला नीट आठवत नाहीत, किंवा आठवायचे नाहीत. शाळा बंद पडली होती. परीक्षा झाल्यावर शाळा कशाला, असं मला वाटलं असावं, की त्या मुठीची आता मला भीती वाटत होती? तिने साखरेच्या डब्यात सुया ठेवल्या. अंघोळ करून आल्यावर पुन्हा अंघोळीला गेली. लेकीला दिवस गेले होते, तिला मी काही सांगितलं नाही. नात झाली, आणि तिला मांडीवर घेऊन बायकोने मला हळूच विचारलं, "कुणाची हो? छान आहे." मग एका सकाळी मी दूध आणायला गेलो तेवढ्यात ती बाहेर पडली आणि तिच्या जुन्या शिवणकामाच्या कारखान्याशी जाऊन उभी राहिली. कारखाना बंद होऊन बारा वर्षं झालेली. तिथे आता फोन दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदाराकडे ती कालचे नग मागत होती. तो म्हणाला, "आजी, इथे नग मिळत नाहीत," तेव्हा त्याला म्हणाली, "मग मी दिवसभर काय करू?" त्याने तिला स्टुलावर बसवलं, तिच्या पिशवीतल्या माझ्या पाकिटावर लेकीचा नंबर होता तो लावला. ते पाकीट मीच लिहून ठेवलं होतं. एवढं एक माझं लिहिणं कामी आलं.

लेकीने मग इस्पितळाच्या दिवसाच्या केंद्रासाठी अर्ज केला. तिथे अशा माणसांना सकाळी घेतात, संध्याकाळी घरी सोडतात, दिवसभर माणसासारखं वागवतात. खिडकीतल्या बाईंनी जुना कागद काढला, बघितला, परत दिला. "कागदावर त्या बऱ्या आहेत." लेक म्हणाली, "अहो, ती रस्त्यात हरवली होती." "ते खरं असेल. पण कागदावर त्या बऱ्या आहेत. पुन्हा तपासणीची तारीख पुढल्या वर्षीची." लेक एका हातात तान्ही, दुसऱ्या हातात आईचा हात, अशी त्या खिडकीशी उभी. मी मागे. घरी येऊन लेक भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "मला कळतच नाही बाबा, तेव्हा ती एवढी कशी बरी झाली होती?" मी तिला पाणी दिलं.

अभ्यासवाल्या बाई घरी आल्या त्या त्यानंतर तीन महिन्यांनी. इस्पितळातून आल्या होत्या, पन्नाशीच्या, पायात साधे बूट, आणि मुख्य म्हणजे आमची भाषा बोलत होत्या. त्यांचं काम निराळंच होतं. आजवर या आजाराचा अभ्यास झाला तो शिकलेल्या, इस्पितळाची भाषा येणाऱ्या माणसांवर, असं त्या म्हणाल्या. ज्यांनी पाटी धरली नाही, जे दुसरीकडून येऊन इथे राहिले, त्यांना आजार होतो, पण ते मोजणीतच येत नाहीत, मग त्यांच्यासाठी ना तपासणी धड होते ना सोय. म्हणून त्या अशा घरांत हिंडत होत्या. बायकोशी त्या आधी नुसत्या बोलत बसल्या. मग एक डबा उघडला. त्यात कापडाचे तुकडे, कुलूप, चमचा, लसणाच्या कुड्या, रिळं होती. तिच्या हातात सुई-दोरा दिला, एक पट्टी दिली, म्हणाल्या, "आजी, मला एक काज करून दाखवता?" तिने दोरा ओवला. चष्म्याशिवाय, एका फटक्यात. चीर दिली, टाका घातला, दुसरा घातला, सुंदर, एकसारखे. वळण आलं, वळली, दुसऱ्या बाजूने परत आली. काज पुरं झालं. ती थांबली नाही. त्याच काजावरून पुन्हा फिरली, पुन्हा फिरली, टाक्यांवर टाके, चीर बुजत गेली, शेवटी तिथे दोऱ्याची एक गाठ तेवढी उरली, आणि सुई चालूच. बाईंनी हळूच तिच्या हातावर हात ठेवला. "आजी, झालं." "झालं?" ती म्हणाली, "कधी झालं?"

मग बाईंनी जुना कागद काढला आणि माझ्याकडे वळल्या. "आजोबा, एक कोडं आहे. सहा महिन्यांत एवढी सुधारणा. असं आम्हाला सहसा दिसत नाही. हा कागद खरा असेल तर मला त्यांना अभ्यासात घेता येत नाही, आणि केंद्रातही नाव लागत नाही. आणि मी आत्ता पाहिलं ते तर वेगळंच आहे. मधल्या काळात काही औषध दिलं होतं? काही झालं होतं?" लेक म्हणाली, "काहीच नाही हो." बायको पट्टीवरची गाठ बोटाने चाचपत होती. मी तिच्या बोटाकडे पाहत होतो. सांगावं तर लेक समोर. न सांगावं तर ती त्या कागदावर बरीच राहणार, पुढल्या वर्षापर्यंत बरी, फोनच्या दुकानापुढे उभी राहून बरी. आणि आणखी एक होतं. सांगितलं की त्या दुपारी माझ्या राहणार नव्हत्या. त्या पुरावा होणार होत्या. मी उठलो, कपाटावरून जुनी पेटी काढली आणि वर्तमानपत्रांची चवड बाईंपुढे ठेवली. एकशे साठ-सत्तर घड्याळं होती. सगळ्यांत चार वाजून वीस. "मी शिकवलं," मी म्हटलं. "पाच शब्दही. सगळंच. डॉक्टर विचारत होते तेव्हा मी लिहून घेतलं होतं."

लेकीने वरचा कागद उचलला, त्याखालचाही उचलला. मग लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही तिला पास केलंत." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "का?" मी म्हटलं, "मला वाटलं, परीक्षा आहे." "परीक्षा नव्हती हो! ती आजारी आहे का, एवढंच बघायचं होतं त्यांना." "ते मला कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं, आणि हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं, शाबास म्हटल्याचं, तेही मग सांगितलं. अभ्यासवाल्या बाई घड्याळं एकेक करून बघत होत्या, तारखांप्रमाणे. प्रत्येकावर मी तारीख घातली होती. त्या म्हणाल्या, "चूक एकट्या तुमची नाही, आजोबा. तपासणीच अशी आहे की ती पाठ करता येते." लेकीने मान दुसरीकडे वळवली. बाईंनी मला एक छापील कागद दिला, सांभाळणाऱ्याने आपल्या शब्दांत लिहावं अशी जागा असलेला. मी लिहिलं : मी माझ्या बायकोला घड्याळ, शब्द आणि वजाबाकी सहा महिने शिकवली. तिला तिसऱ्या आठवड्यापासून आदल्या दिवशीचं आठवत नव्हतं. ते मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. खाली सही केली. ही सही हलली नाही.

जुना कागद रद्द झाला. नव्या कागदावर ती आजारी ठरली, आणि पुढच्या महिन्यात केंद्रात तिचं नाव लागलं. औषध सुरू झालं. लवकर सुरू झालं असतं तर काय झालं असतं, असं मी बाईंना एकदा विचारलं. त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हणाल्या, "फार फरक पडला असता असं म्हणत नाही. पण ती दीड-दोन वर्षं त्यांना सोबत मिळाली असती. तुम्हालाही." लेक माझ्याशी कामापुरतं बोलायची. पाच-सहा महिने तसे गेले. मग एकदा नात माझ्या मांडीवर झोपली आणि तिला उचलून घेताना लेकीने माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघून म्हटलं, "निघायला आलंय. द्या, लावून देते." तेवढंच.

केंद्रात एक लांब टेबल होतं, खिडकीशी. संध्याकाळी मी तिला आणायला जायचो. दार उघडंच असायचं, तरी मी चौकटीवर टकटक करायचो आणि थांबायचो. कशासाठी थांबायचो ते तिथल्या बायांना कळत नसे. त्या म्हणायच्या, या की आजोबा, दार उघडंच आहे. ती मान वर करायची. नवरा म्हणून ती मला ओळखत नव्हती, ते केव्हाच संपलं होतं. पण तिचा चेहरा उजळायचा. ती शेजारच्या बाईला सांगायची, "आमचे मास्तर आले." मग पदर नीट करून, जागा करून द्यायची. बोटाने टेबलावर गोल काढायची, तोपर्यंत पेन्सिल धरणं गेलं होतं, आणि बोटाच्या त्या टिकलीने काटे दाखवायची, एक छोटा, एक मोठा. चार वाजून वीस मिनिटं. आमच्या उभ्या आयुष्यात चार वाजून वीस मिनिटांनी कधी काही घडलं नव्हतं. मी लिफ्टमध्ये असायचो, ती कारखान्यात. एकदा मी म्हटलं, "चला, घरी जायचं ना?" ती म्हणाली, "थांबा मास्तर. माझा नवरा येणारे घ्यायला. लिफ्टवर असतो. त्याला खाली यायला वेळ लागतो." मी तिच्याशेजारी बसलो. उन्हाची पट्टी टेबलावरून सरकत होती. "चांगला आहे का नवरा?" मी विचारलं. तिने विचार केला. "बरा आहे," ती म्हणाली. "सारखा लिहीत असतो." मग माझ्याकडे झुकून, कुणी ऐकू नये अशी, "मास्तर, मी पास होईन ना?" तिची मूठ टेबलावर होती. मी तिच्यावर माझी मूठ ठेवली. "नापास झालीस तरी चालेल," मी म्हटलं. ती खुदकन हसली, घोडा खुर्चीवर बसला की हसायची तशी, आणि मग आम्ही दोघं तिच्या नवऱ्याची वाट बघत बसलो.

नात शाळेत जायला लागली त्या वर्षी, फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, गुरुवारी, सकाळी नऊच्या सुमारास माझी बायको वारली.